साताऱ्यात गाडी पेंट करायचीय? जुन्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजचा रिव्ह्यू

पहिल्यांदाच सांगतो, घाई असेल तर इथं गाडी नेऊ नका. सकाळी टाकली आणि संध्याकाळी न्यायची असलं काम इथं होत नाही, आणि तसं विचारलंत तर मालक सरळ दुसऱ्या गॅरेजचा पत्ता देतो, वर "त्यांच्याकडं लवकर होतंय, तिकडं जावा" असंही म्हणतो. पण क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक चमकीचा थर) मारल्यावर त्याला घासायचा पेपर कधी लावायचा आणि बफिंग, म्हणजे मशीनवर पॅड फिरवून पॉलिश, कधी करायचं ही एक गोष्ट ज्याला खरंच कळते असा पेंटर मला साताऱ्यात हा भेटला, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. गॅरेज दिसायला काहीच नाही. जुन्या एमआयडीसीत आतल्या गल्लीत पत्र्याची शेड, एका बाजूला प्लॅस्टिकचे पडदे लावून केलेला रंग मारायचा बूथ, बाहेर दोन मोडक्या ओम्नी आणि एक कुत्रं. नाव टाकत नाही, एकतर काही तक्रारी पण लिहिणार आहे आणि दुसरं म्हणजे नाव टाकलं की लोक फोन करणार आणि फोन उचलणं हा त्यांचा प्रांत नाही. सगळे त्यांना मामा म्हणतात, मी पण तेच म्हणतो.

माझी गाडी काळी स्विफ्ट. काळा रंग घेऊ नको असं घरात सगळ्यांनी सांगितलं होतं ते जाऊ दे. ऊसाच्या सीझनला कोरेगाव रोडला ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या घासून गेल्या, ड्रायव्हरला कळलं पण नसेल, डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे, मागचा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) आणि मागचा बंपर, सगळीकडं ऊसाच्या टोकांनी आणि साखळीनं रेघोट्या आणि एका दरवाज्याला चांगला खोल डेंट. विम्याचा क्लेम टाकला असता पण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर पोचलाय, तो घालवायचा जिवावर आलं, म्हणून खिशातनंच करायचं ठरवलं.

आता मामांकडंच का गेलो तर त्याच्या आधीचा अनुभव. पावसाळ्यात बॉनेट एका मोठ्या चकाचक वर्कशॉपमध्ये रंगवून घेतलं होतं, एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, सगळं. संध्याकाळी क्लिअर मारलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी बफ मारून गाडी हातात. घेताना असली चमक की त्यात केस विंचरावेत. विचारलं तर "बेक केलंय सर" म्हणाले. दिवाळीपर्यंत त्या बॉनेटची चमक बसली. बसली म्हणजे रंग गेला नाही, सोललं नाही, नुसतं धुरकट झालं आणि खालच्या पेपरच्या रेघा ज्या घेताना एक पण दिसत नव्हत्या त्या उन्हात वर यायला लागल्या. परत दाखवायला नेलं तर म्हणे तुम्ही वॉशिंगला कुठल्या शाम्पूनं धुता. मामांनी ते बॉनेट बघितलं, तिरकं होऊन ट्यूबच्या उजेडात नजर टाकली आणि एवढंच म्हणाले, "ओलं असतानाच घासलंय."

ओलं म्हणजे हाताला ओलं नव्हे. हे मला त्यांच्याकडं बसून बसून कळलं. आजकाल गाडीला मारतात ते टूके क्लिअर, म्हणजे क्लिअर आणि हार्डनर असे दोन डबे, बहुतेक कंपन्यांचं प्रमाण दोनास एक, काहींचं चारास एक, आणि वर कंपनी सांगेल तेवढा थिनर. थिनर उडून जातो ते एक, आणि क्लिअर हार्डनरची आतल्या आत रिअॅक्शन होऊन फिल्म कडक होते ते दुसरं, आणि ही दोन्ही कामं वरचा थर हाताला कोरडा लागल्यानंतर पण कितीतरी वेळ चालू असतात. मामांचं म्हणणं विरजणासारखं आहे, थंडीत दही उशिरा लागतं आणि लागायच्या आधी भांडं हलवलं की दही मोडतं. थर आतनं अजून आकसत असताना तुम्ही वरनं पेपर मारून सपाट केलात तर आज सपाट दिसतं, पण नंतर उरलेला थिनर बाहेर पडतो, फिल्म खाली बसते आणि खाली प्रायमरवर (रंगाखालचा अस्तराचा थर) पुट्टीवर (खड्डे भरायचा लेप) जे काय उंचसखल असेल, ३२० च्या पेपरच्या (नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक) रेघा असतील, त्यांच्या अंगानं बसते. त्यात बफिंगची गरमी. मऊ क्लिअर गरमीनं आणखी मऊ पडतं, रेघा फुगून मिटल्यासारख्या वाटतात आणि गार होऊन महिना दीड महिना गेला की सगळ्या परत हजर. माझ्या बॉनेटचं अगदी हेच झालं होतं.

मग बेक केलं होतं ते काय, हा माझा प्रश्न होता. तर खरं बेकिंग म्हणजे साधारण ६० अंशाला अर्धा तास, आणि ते ६० अंश पत्र्याचं टेंपरेचर हवं, बूथमधल्या हवेचं नाही. बूथचा काटा ६० वर गेला तरी पत्रा तापायला आणखी वेळ लागतो. तसं नीट बेक केलं असेल तर पूर्ण गार झाल्यावर त्याच दिवशी पण पॉलिश करता येतं, त्यात चुकीचं काही नाही, कंपन्यांच्या टेक्निकल शीटवर पण तसंच असतं. पण एक हॅलोजनचा दिवा स्टँडवर लावून बॉनेटवरनं फिरवला की त्याला पण लोक बेक म्हणतात. पत्रा कुठं ४० ला गेला कुठं ७० ला, कुणाला माहीत. मामांकडं बेकिंगचा बूथ नाहीच, आणि ते तसं पहिल्याच भेटीत सांगतात. मला हे सगळ्यात जास्त आवडलं.

गाडी टाकली ती ऐन थंडीत. साताऱ्याची थंडी माहितेय, दुपारी ऊन चटका देतं आणि रात्री किल्ल्यावरनं असला वारा उतरतो की कुपवाड सांगलीचे पाहुणे गोधड्या मागतात. शीटवर लिहिलेले तास असतात ते बहुतेक २० अंशाच्या हिशोबानं, रात्रभर सुकू द्या मग घासा असं. आणि टेंपरेचर १० अंशानं उतरलं की रिअॅक्शनचा वेग ढोबळमानानं निम्मा होतो. म्हणजे शेडमध्ये रात्री १२-१३ अंश असताना "रात्रभर" ला काही अर्थच नाही, दिवसा ऊन लागून शेड तापते तेवढंच काय ते काम होतं. मामांनी शीट वाचलीय का नाही मला माहीत नाही पण हिशोब तोच. मला सांगितलं की उन्हाळ्यात असती तर दुसऱ्या दिवशी पेपर लावला असता, आता दोन रात्री जाऊ देत, मग बघू, बघू म्हणजे नक्की नाही. आणि पावसाळ्यात? तर म्हणाले पावसाळ्यात मी क्लिअरचा डबा उघडायच्या आधी आभाळ बघतो. हार्डनरला पाण्याचं वावडं आहे हो, त्यातलं आयसोसायनेट क्लिअरशी जुळायचं सोडून हवेतल्या ओलीशी जुळतं आणि बुडबुडे धरतं, म्हणून ते हार्डनरचं झाकण काम झालं की लगेच लावतात, पोरानं एकदा उघडं टाकलं तर त्याला माझ्यासमोर झापला. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी पण रोज सकाळी काढतात, ते बघितलं मी, तांबूस पाणी निघालं चांगलं पेलाभर.

आता इथं एक वाद आहे तो मिटवून टाकतो. माझा चुलतभाऊ म्हणाला अरे नवीन पेंटला महिनाभर हात लावायचा नाही, आणि दुसरीकडं पेंटवाले म्हणतात उद्या घासू. दोघं बरोबर आहेत पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. महिन्याचं जे आहे ते वॅक्स, सिरॅमिक कोटिंग, पीपीएफ (पेंटवर चिकटवायची पारदर्शक फिल्म) असलं वरनं झाकणारं काही लावायला आहे, कारण उरलासुरला थिनर बाहेर पडायला वाट पाहिजे, काही कंपन्या तर दोन तीन महिने थांबा म्हणतात. पेपर आणि बफ हे झाकण नाही, ते महिनाभर थांबवायची गरज नाही, उलट थांबवलं तर त्रास. क्लिअर जसं जसं कडक होत जातं तसं ते कापायला जड जातं, मग जास्त दाब, जास्त वेळ, जास्त गरमी, आणि कडेला क्लिअर जळायची भीती. म्हणून मधली एक खिडकी आहे, नखाला दाद देत नाही एवढं कडक आणि पेपरला ऐकतंय एवढं मऊ, आणि उघड्यावर सुकवलेल्या टूके क्लिअरला साध्या हवेत ती पुढचे दोन तीन दिवस असते. त्यानंतर होत नाही असं नाही, होतं, फक्त घाम काढतं. आणखी एक, जुन्या लोकांच्या डोक्यात महिना बसलाय तो जुन्या ड्यूको पेंटच्या काळातला. ते एनसी लॅकर, त्यात हार्डनर नव्हतंच, नुसता थिनर उडून सुकायचं आणि आठवडेच्या आठवडे बसत राहायचं, त्याला थांबणंच बरोबर होतं. आपल्या साताऱ्यात प्रिया स्कूटर बनत होती त्या काळातले पेंटर अजून आहेत गावात, त्यांना विचाराल तर ते तेच सांगणार आणि त्यांच्या जागी ते बरोबरच.

बरं, ती खिडकी उघडली हे कळतं कसं. मामांकडं काही मशीन नाही. पहिलं ते वास घेतात, दरवाजा उघडून आतल्या कडेला नाक नेऊन. थिनरचा वास येत असेल तर विषय बंद. मग नख. पण बाहेरच्या बाजूला नाही, दरवाज्याच्या आतल्या कडेला, जिथं क्लिअरचा फवारा जरा जास्तच बसलेला असतो तिथं अंगठ्याचं नख दाबून धरतात, नुसतं टेकवत नाहीत, दाबून धरतात, आणि काढून टॉर्च मारतात. मी गेलो त्या दिवशी नखाची चंद्रकोर उमटली. बारीक, पण उमटली. झालं, "आज हात लावायचा न्हाई, उद्या या." मी कामावरनं सुट्टी टाकून गेलो होतो. वैताग आला, खोटं कशाला सांगू, पण ती चंद्रकोर मी स्वतः बघितली होती त्यामुळं बोलायला जागा नव्हती.

पुढच्या वेळी नख उमटलं नाही. मग तिसरी परीक्षा पेपरची. पेपर आदल्या दिवशीच पाण्यात टाकून ठेवलेले, बादलीत शाम्पूच्या पुडीतलं थोडं, आणि बादली बोअरच्या पाण्याची नाही, नळाच्या पाण्याची, कारण बोअरच्या पाण्यात कण असला तर १५०० च्या पेपरमध्ये तो ६० नंबरचं काम करून जातो असं म्हणाले. रबराचा ठोकळा, त्याला पेपर गुंडाळून दरवाज्याच्या खालच्या भागात चार हात फिरवले आणि पेपर उलटा करून मला दाखवला. पाणी पांढरं, पेपर साफ, त्यावर काही चिकटलेलं नाही. क्लिअर कच्चं असतं तर पेपरवर बारीक गोळ्या धरतात, चिकट, आणि त्या गोळ्याच मग खोल रेघ मारतात जी बफनं निघत नाही. त्याच वेळी बंपरवर एक ओघळ होता, क्लिअर मारताना आलेला, तो त्यांनी केलाच नाही. म्हणाले दरवाजा तयार आहे, ओघळ नाही. कारण ओघळ म्हणजे क्लिअरचा जाड थर, वरनं कातडी धरली तरी आतनं मऊच असतो, आत्ता पेपर लावला तर वरची टोपी उडून खाली खड्डा पडणार. त्याला आणखी मुदत दिली, नंतर एकदा बोलावून १२०० च्या पेपरचा छोटा तुकडा ठोकळीवर लावून फक्त त्या ओघळाच्या डोक्यावर फिरवला आणि आजूबाजूला टेप. आता तो कुठं होता हे मला पण सापडत नाही.

दरवाज्यांना संत्र्याची साल होती, म्हणजे ते खवल्याखवल्याचं टेक्श्चर, फार नाही. स्विफ्टच्या कंपनीच्या पेंटला पण थोडी असतेच, त्यामुळं सगळं आरशासारखं सपाट केलं तर रंगवलेली बाजू ओळखू येते, हे मामांनी आधीच विचारलं, "कंपनीच्या पेंटला मॅच करू का काच करू?" मी मॅच म्हणालो. मग १५०० नं हलकं, २००० नं त्याच्या रेघा काढल्या, शेवटी ३०००. दर पेपर बदलताना दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या का कळतं. आणि दर थोड्या वेळानं पाणी पुसून, सुकवून बघायचं, ओल्यात सगळंच गुळगुळीत दिसतं. दरवाज्याच्या मधली ती कडक लाईन आणि हँडलभोवतीची कड, तिथं आधीच मास्किंग टेप, कारण कडेला क्लिअर पातळ बसतं आणि पेपर पण तिथंच जास्त खातो.

किती खातो? सेकंडहँड गाड्यांच्या धंद्यातल्या मित्राकडं पेंटची जाडी मोजायचं मीटर आहे, हट्टानं घेऊन गेलो. कंपनीच्या पेंटचा न रंगवलेला उजवा दरवाजा ११० च्या आसपास मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), नवीन दरवाजा २०० च्या वर, कारण खाली प्रायमर पुट्टी. घासायच्या आधी आणि बफनंतर एकाच जागी मोजलं तर दहाबारा मायक्रॉन गेले. क्लिअरचा एक कोट सुकून साधारण २०-२५ मायक्रॉन धरला तर मामांनी मारलेल्या तीन कोटमधला निम्मा कोट गेला असं समजा. म्हणूनच घासून बफ करायचं असेल तर ते आधी सांगावं लागतं, ते तीन कोट मारतात, नाहीतर दोन. दोन कोटवर दणकून पेपर मारला तर आज चमकेल पण ऊन अडवायचं काम ज्या थरानं करायचं तोच राहत नाही, आणि मग पाचसहा वर्षांनी टपावर पांढरे पांढरे पोपडे. पोवई नाक्याला उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांचे टप बघा. बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर हे मीटर चालत नाही, तिथं मामांच्या हातावरच विश्वास.

बफिंग त्यांनी लोकरीच्या पॅडनं केलं, रोटरी मशीन हळू, बाराशे पंधराशेच्या आसपास फिरवून, आणि एका जागी मशीन थांबवलं नाही. मध्ये मध्ये पत्र्यावर उलटा हात टेकवून बघतात, चटका लागायला लागला की दुसऱ्या दरवाज्याकडं जातात. बंपरला तर फारच जपून, प्लॅस्टिकमधनं गरमी पुढं जात नाही, तिथंच साठते आणि क्लिअर भाजतं. उन्हात बफ करत नाहीत, कंपाउंड, म्हणजे बफिंगची पेस्ट, सुकून पावडर होते म्हणून.

आता तक्रारी. पहिली, लोकरीच्या पॅडनंतर गाडी मला दाखवली तेव्हा शेडमध्ये फर्स्टक्लास दिसत होती, पण मी बाहेर उन्हात काढायला लावली तर काळ्या रंगावर ते फिरणारे पट्टे, होलोग्राम म्हणतात ते, स्पष्ट दिसले. सांगितल्यावर लगेच फोमचं पॅड लावून फिनिशिंग पॉलिश मारलं, जादा पैसे घेतले नाहीत, गेले ते पट्टे. पण हे न सांगता व्हायला पाहिजे होतं. पांढरी गाडी असती तर मला कळलंच नसतं, म्हणजे पांढऱ्या गाडीवाल्यांना ते हे फिनिशिंग देत नसणार असं धरून चालतो.

दुसरी, फोन. तीन वेळा रिंग जाते, मग बंद. काम झालं का हे विचारायला गावातनं एमआयडीसीत जावंच लागतं. व्हॉट्सअॅपवर निळी टिक येते, उत्तर येत नाही. बिल पण मागितल्याशिवाय नाही, मागितलं तर वहीच्या पानावर. मला चालतं, कंपनीला बिल लावायचं असेल त्यांनी आधी बोलून घ्या.

तिसरी तक्रार मला खरंच खटकलेली. क्लिअर मारताना मामा स्वतः कार्बनच्या डब्या लावलेला मास्क घालतात पण हाताखालचं पोरगं तोंडाला नुसता रुमाल बांधून पडद्याच्या आत उभं होतं. टूके हार्डनरमधलं आयसोसायनेट फवाऱ्यातनं छातीत गेलं की कायमचा दमा लागू शकतो, आणि त्याचा वास नाकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून मोठ्या ठिकाणी पेंटरला बाहेरनं नळीनं स्वच्छ हवा देतात. रुमालानं तर धूळ पण धड अडत नाही. मी बोललो. मामा म्हणाले आणून दिलाय, घालत नाही. पोरगं हसलं. मालक ज्या हिशोबानं क्लिअरला दोन रात्री थांबतो त्याच हिशोबानं पोराला पण मास्क घातल्याशिवाय आत घेऊ नये असं माझं मत आहे आणि ते मी तोंडावर सांगितलंय. एक स्टार त्याच्यासाठी कापलाय.

बॉनेटचं मामांना विचारलं होतं, ते परत रंगवावं लागेल का. माझी तयारी होती. तर म्हणाले आता ते पूर्ण बसलंय, जे काय खाली जायचं होतं ते गेलं, एकदा ३००० मारून बफ करून बघू, क्लिअर शिल्लक असेल तर चमक परत येईल आणि टिकेल. मीटरनं बॉनेट बघितलं, बऱ्यापैकी जाडी होती. केलं, आली चमक. संपूर्ण रेघा गेल्या नाहीत, तिरक्या उन्हात दोनतीन दिसतात, पण धुरकटपणा गेला. दुसरा कुणी असता तर अख्ख्या बॉनेटच्या पेंटचं बिल लावलं असतं, यांनी ८०० घेतले.

रेट म्हणाल तर पॅनलला साडेतीन हजार, डेंट काढायचे वेगळे, आणि क्लिअरला तिसरा कोट, पेपर आणि बफ मिळून पॅनलमागं ७०० जादा. चकाचक वर्कशॉपपेक्षा स्वस्त, नाक्यावरच्या टपरीपेक्षा महाग. क्लिअर कुठल्या कंपनीचं ते तुम्ही सांगाल ते आणतात, डबा तुमच्यासमोर फोडतात, पण क्लिअर एका कंपनीचं आणि हार्डनर दुसऱ्या कंपनीचं असं स्वस्तात बसवा म्हणालात तर ऐकत नाहीत.

चार स्टार. जायचं असेल तर जाताना हे ठरवून जा की तारीख ते देणार नाहीत, अंदाज देतील, आणि थंडीपावसात तो अंदाज पुढं जाणार. लग्नाला जायला गाडी पाहिजे, नव्या गाडीवाल्या मेव्हण्यासमोर न्यायचीय असलं काही असेल तर आधी दोन आठवडे हातात ठेवा. गाडी घेताना उन्हात काढून बघा, काळी निळी असेल तर नक्कीच. पहिले काही आठवडे साधं पाणी आणि मऊ कापड, ब्रशवाल्या वॉशिंगला न्यायची नाही, कावळ्याचिमणीची घाण दिसली की लगेच पाण्यानं धुवायची कारण कच्च्या क्लिअरला ती चावते. आणि सिरॅमिक कोटिंगवाल्यांचे फोन सुरू होतील, नंबर त्यांना कुठनं मिळतो देव जाणे, त्यांना महिन्यानंतरची तारीख द्या.